चाऱ्यावरचा दूधधंदा शिकायचाय? खान्देशात कुठे विचारायचं

ढेप, सरकीचा खर्च कमी करून हिरव्या चाऱ्यावर म्हशी-गाई सांभाळायच्या असतील तर आधी शिकून घ्या, गोठा नंतर बांधा. पहिला दरवाजा म्हणजे कृषी विज्ञान केंद्र. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद, धुळ्यात एक, नंदुरबारला कोळद्याला एक. फोन करून पशुसंवर्धनाचे तज्ज्ञ कधी असतात ते विचारून घ्या आणि जाताना माती-पाण्याचा रिपोर्ट, जनावरं किती, पाणी उन्हाळ्यात किती महिने पुरतं हे लिहूनच न्या, नाहीतर सल्ला पण मोघमच मिळतो.

बेण्यासाठी राहुरीचं कृषी विद्यापीठ बघा, फुले जयवंत हा संकरित नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) त्यांचाच. एकदा लावला की काही वर्षं कापत राहायचं, पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी. पण नुसत्या नेपियरवर भागत नाही भाऊ, सोबत लसूणघास किंवा बरसीम असा द्विदल चारा लागतोच, प्रथिनं तिथूनच येतात. ते किती द्यायचं हे मात्र तज्ज्ञालाच विचारा, ओलं बरसीम जास्त झालं की पोट फुगतं. आणि कोवळी ज्वारी जनावराला विषबाधा करते, हे ट्रेनिंगमध्ये नक्की विचारायचं.

घरबसल्या सल्ल्याला किसान कॉल सेंटर आहे, १८००१८०१५५१, फुकट, मराठीत बोलतात.

मे महिन्यात, ४४-४५ डिग्रीत, ज्याच्या गोठ्यात हिरवा चारा आहे अशा शेतकऱ्याकडे एक दिवस जाऊन बसा आणि मुरघास (हवाबंद करून, आंबवून साठवलेला हिरवा चारा) कसा भरला तेवढं नीट बघून या.