वलय, कंकण, मळसूत्र: विज्ञान-अनुवादात नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईत बरीच वर्षं मराठी विज्ञान-अनुवाद करतेय. नवीन मुलं-मुली गोल दिसलं की 'वलय' आणि वळलेलं दिसलं की 'सर्पिल' लिहून मोकळी होतात. त्यांना मी सांगते, कोश उघडण्याआधी आकार नीट बघा. तो मिटतो का, म्हणजे दोन्ही टोकं जुळून बंद होतो का? मिटत नसेल तर सपाट आहे की पुढे सरकत जातो?

मिटणाऱ्या आकारांत फारशी अडचण येत नाही. शनीची वलयं, खोडातली वार्षिक वलयं, गांडुळाचा वलयी प्राणिसंघ. बालभारतीची पुस्तकं हाताशी ठेवा, मुलं शिकलेल्या शब्दांशी फारकत नको. ग्रहणात मात्र कंकणच. 26 डिसेंबर 2019 ला चंद्र पृथ्वीपासून लांब होता, त्याच्या तबकडीने सूर्य पुरता झाकला नाही. दक्षिण भारतातल्या एका पट्ट्यात कंकण दिसलं, मुंबईत तेच ग्रहण खंडग्रास. मुंबईकरांसाठी लिहिताना दोन्ही शब्द लागतात.

खरी कसोटी न मिटणाऱ्यांत. डीएनए अक्षाभोवती फिरत पुढे सरकतो, म्हणून मला 'सर्पिल'पेक्षा 'मळसूत्री' नेमका वाटतो. सपाट सर्पिलातही दोन जाती आहेत. चकलीच्या वेढ्यांमधलं अंतर सारखं राहतं, ते आर्किमिडीजचं सर्पिल. नॉटिलसच्या कवचात ते वेढ्यागणिक ठरावीक पटीने वाढतं, ते लॉगरिदमिक. गणिती याकोब बर्नुलीला आपल्या थडग्यावर हे दुसरं हवं होतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या पाथरवटाने पहिलं कोरून ठेवलं!

शंखांवरचा मजकूर आला तर ओहोटीला जुहूच्या किनाऱ्यावर जा आणि एक शंख खरोखर हातात घ्या. वेढे जिथून सुरू होतात ते टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजवीकडे आलं तर जीवशास्त्रात तो उजवा. बहुतेक शंख असेच असतात. पूजेतला दुर्मिळ 'दक्षिणावर्ती' शंख असा धरला तर त्याचं तोंड डावीकडे येतं, म्हणजे जीवशास्त्राच्या हिशेबी तो डावा! परंपरेत शंखाची निमुळती पन्हळ, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजू, वर धरून बघतात, जीवशास्त्रात टोक वर. नुसतं 'उजवा' लिहिलं तर निम्मे वाचक उलटं समजतील. म्हणून शंख कसा धरलाय ते मी त्याच वाक्यात लिहिते, आणि चित्रकारालाही तसंच काढायला सांगते.