ऑगस्टमधला बेसबॉल दौरा आणि मागे राहणारी शाळा: १२ ते १५ वयाच्या खेळाडूंच्या घरासाठी

वयोगट बेसबॉलच्या मोठ्या स्पर्धा मुलांच्या सुट्टीत भरतात, फक्त ती सुट्टी आपली नसते. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेची वर्ल्ड सिरीज अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या साउथ विल्यम्सपोर्टला ऑगस्टमध्ये होते. १२ वर्षांखालील विश्वचषक गेली अनेक वर्षं तैवानमधल्या ताइनानला होतोय, जुलैच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपतो. तैवानच्या शाळांना तेव्हा उन्हाळी सुट्टी. महाराष्ट्रात मात्र जूनच्या मध्यावर शाळा भरलेली असते आणि ऑगस्ट म्हणजे पहिली घटक चाचणी. दोन आठवड्यांचा दौरा नेमका त्यावर येतो. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत राहणाऱ्या मराठी घरांनाही हे लागू पडतं, तिथे बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या पूर्वार्धातच शाळा उघडते.

कागद

निवड होण्याची वाट न पाहता पासपोर्ट काढून ठेवा. लहान मुलाचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचाच असतो, त्यामुळे चौथीत काढलेला नववीत संपलेला सापडतो. प्रवासाच्या तारखेनंतर निदान ६ महिने मुदत शिल्लक हवी.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. आधारवर तिसरंच काहीतरी. संघाचा व्यवस्थापक शाळेच्या बोनाफाईडवरून यादी करतो, त्या यादीवरून तिकिटं निघतात आणि विमानतळावर तिकीट आणि पासपोर्ट जुळत नाहीत. म्हणून व्यवस्थापकाला नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. काही स्पर्धांत वयाची पडताळणीही त्याच पानावरून होते. वय कोणत्या तारखेला मोजतात तेही विचारा: लिटल लीग ३१ ऑगस्टचं वय धरते, काही स्पर्धा जन्मवर्ष धरतात. एका स्पर्धेत बसणारा मुलगा दुसरीत बाद होऊ शकतो.

आईवडील दोघंही बरोबर जात नसतील तर दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागेल असं धरून चला. त्यात प्रशिक्षकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा आणि तातडीच्या उपचारांना परवानगी असावी. तीन प्रती काढा: मुलाकडे, प्रशिक्षकाकडे, घरी.

शाळेत काय मागायचं

‘रजा मिळावी’ एवढाच अर्ज दिला की रजा मिळते आणि बाकी सगळं अडतं. अर्जात चार गोष्टी लिहा: जाण्यायेण्याच्या तारखा, त्या काळात येणाऱ्या चाचण्या, त्या चाचण्या परत आल्यावर कोणत्या आठवड्यात द्यायच्या, आणि ही गैरहजेरी क्रीडा प्रतिनिधित्व म्हणून नोंदवावी ही विनंती. सोबत संघटनेचं निवडपत्र जोडा. निवडपत्र बहुधा उशिरा येतं, तेव्हा पहिला अर्ज त्याशिवाय द्या आणि पत्र नंतर जोडा. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मुख्याध्यापक बदलले, वर्गशिक्षक बदलले, तरी पोच बदलत नाही.

सीबीएसईच्या दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरीची अट आहे, पण मान्यताप्राप्त राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यात सवलत मागता येते. बोर्डाच्या पेपरशीच स्पर्धेची तारीख आली तर तो पेपर नंतर देण्याची सोय आहे, त्यासाठी शाळेमार्फत आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या शिफारशीने वेळेत अर्ज जावा लागतो. राज्य मंडळाच्या मुलांसाठी क्रीडागुणांची वाट वेगळी आहे. शाळेकडून प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि तिथून मंडळाकडे जातो. प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही तर तो तिथेच थांबतो. पुन्हा नावच.

दहावीच्या वर्षातल्या मुलाला फेब्रुवारीत नुसत्या सरावासाठी परदेशी पाठवू नये, हे आमचं स्पष्ट मत. स्पर्धा असेल तर गोष्ट वेगळी.

१४ दिवसांत खरोखर किती अभ्यास होतो

घरून निघताना दप्तर भरलेलं असतं आणि परत येताना तसंच भरलेलं येतं. कारण हिशेबच चुकलेला असतो. १४ दिवसांच्या दौऱ्याची ढोबळ मांडणी अशी: प्रवासाचे २ दिवस, सरावाचे ३, सामन्यांचे ७, मोकळे २. प्रवासात दिवसाला दीड तास, सरावाच्या दिवशी एक तास, सामन्याच्या दिवशी फार तर २५ मिनिटं, मोकळ्या दिवशी दीड तास. बेरीज साधारण १२ तास. त्याच काळात वर्गात ६० तासांहून जास्त शिकवणं होऊन जातं.

तेव्हा सगळे विषय नेण्यात अर्थ नाही. गणित न्या, कारण ते दोन आठवडे सुटलं की पुढचा धडा बंदच होतो. विज्ञानाचा पुढे येणारा एक धडा निघण्याआधी वाचून ठेवा. इतिहास, भूगोल आणि भाषा परत आल्यावर भरून निघतात. गणिताच्या शिक्षकांकडून दोन सरावसंच आणि त्यांतली ३०-४० उदाहरणं खुणा करून घ्या, ‘जमेल तेवढं कर’ असं नको. पुस्तकाची पानं झेरॉक्स करून न्या, अख्खी पुस्तकं नकोत. धडे मोबाइलवर न्यायचे असतील तर आधीच उतरवून घ्या. पंधरा मुलं एकाच वायफायवर असली की रात्री काहीही उघडत नाही.

शिकवणीचा ऑनलाइन वर्ग तिथून करू, हा बेत तैवानमध्ये फसतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. संध्याकाळी सातची शिकवणी तिथे रात्री साडेनऊला सुरू होते, आणि सकाळी सहाला नाश्ता असतो.

पिचिंगची मोजदाद हेच अभ्यासाचं वेळापत्रक

लिटल लीगमध्ये ११-१२ वयाच्या पिचरला (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याला) दिवसाला ८५ चेंडू, १३ ते १६ वयाला ९५ ही मर्यादा आहे. त्याहून महत्त्वाचे विश्रांतीचे टप्पे. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी: २० चेंडूंपर्यंत विश्रांती नाही, २१ ते ३५ ला १ दिवस, ३६ ते ५० ला २, ५१ ते ६५ ला ३, ६६ च्या पुढे ४ दिवस. तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रात वेगळं असेल तर तेच अंतिम.

आता हे वहीशी जोडा. सोमवारी ६० चेंडू टाकले तर मंगळ, बुध, गुरू पिचिंग नाही, शुक्रवारी पुन्हा. त्या तीन दिवसांत मुलगा फर्स्ट बेसवर किंवा आउटफिल्डला खेळेलही, पण बुलपेनमधला (पिचर हात गरम करतात त्या जागेतला) तयारीचा वेळ आणि पिचिंगच्या आदल्या रात्रीचा ताण नसतो. जड उदाहरणं तेव्हा. पिचिंगच्या आदल्या दिवशी फक्त वाचन, आणि पिचिंगच्या दिवशी वही उघडूच नये. प्रशिक्षक ३५ किंवा ५० चेंडूंवर मुलाला बाहेर काढतो, तेव्हा प्रशिक्षक चिडलेला नसतो. एक चेंडू वाढला तर एक दिवस जातो, म्हणून काढतो. हे मुलाला आधी सांगा, नाहीतर डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) रडारड होते.

कॅचरचं, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं, गणित निराळं. ज्याने त्या दिवशी ४१ किंवा जास्त चेंडू पिच केले, त्याला त्याच दिवशी कॅचर होता येत नाही. चार किंवा जास्त इनिंग कॅचिंग केलं तर त्या दिवशी पिचिंग नाही. कॅचर संध्याकाळी गुडघ्यांपासून थकलेला असतो, त्याचा अभ्यास सकाळी.

आपल्याकडची खास चूक म्हणजे क्रिकेट. बेसबॉलचा सराव संपवून मुलगा सोसायटीत सहा षटकं टाकतो आणि ती कुठेच मोजली जात नाहीत. खांद्याला दोन्ही सारखंच. दौऱ्याच्या आधीचे सहा आठवडे गोलंदाजी बंद. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर ‘अंग दुखतंय’ म्हणून सोडू नका. या वयात तिथलं हाड अजून वाढत असतं, स्नायू ताणून धरतात ते त्या वाढीच्या भागाला. फेकणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

स्कोअरबुक भरायचं काम राखीव खेळाडूंना द्या. बॅटिंगची सरासरी काढायची तर, २२ वेळा बॅटिंग, ७ हिट (यशस्वी फटके): ७ ला २२ ने भागलं की ०.३१८१८१८… असा आवर्ती दशांश समोर येतो, आणि बेसबॉलमध्ये तो ०.३१८ वर थांबवतात. पिचरच्या रकान्यातलं ४.१ म्हणजे चार पूर्णांक एक दशांश नाही, चार इनिंग आणि एक बाद (एका इनिंगला तीन बाद), म्हणजे ४ पूर्णांक १/३. यावर अर्धा संघ एकदा तरी अडखळतोच.

बॅग

बॅट हातातल्या सामानात चालत नाही. ३१ इंची बॅट सुमारे ७९ सेंमी. आतून ७० बाय ४५ सेंमी असलेल्या सुटकेसमध्ये ती सरळ बसत नाही, तिरकी ठेवली तर कर्ण ८३ सेंमी भरतो आणि बसते. १२ वर्षांपर्यंतच्या लिटल लीग सामन्यात बॅटवर यूएसए बेसबॉलचा छाप लागतो (लाकडी एकसंध बॅट चालते). आपल्याकडे काही दुकानांत ‘गाडीत ठेवायला’ म्हणून मिळणारी बॅट तिथे पंच बाजूला काढून ठेवतील. त्या गटात धातूचे खिळे असलेले बूटही बंद, रबरी खुंट्यांचे न्या.

ग्लोव्ह आणि बूट मात्र हातातल्या बॅगेतच. बॅट उसनी मिळते, हाताला बसलेला ग्लोव्ह मिळत नाही. त्यात चेंडू घालून वर रबर बांधा, नाहीतर खळगा चपटा होतो. कंपासपेटीतलं कर्कटक मोठ्या बॅगेत टाका, टोकदार वस्तूवरून तपासणीत वाद नको.

खाऊ: चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे, मेतकूट. मांसाचा अंश असलेलं काही नेऊ नका, तैवानमध्ये दंड जबर आहे. शाकाहारी घरांची चिंता तिथे कमी होते. शाकाहारी खाणावळीच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिकासारखं चिन्ह असतं, बौद्ध परंपरेतलं. मुलांना ते लांबूनच ओळखता येतं.

झोप

तैवानसाठी निघण्याआधी पाच दिवस रोज अर्धा तास लवकर झोपा आणि उठा, अडीच तास भरून निघतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं ऑगस्टमधलं साडेनऊ तासांचं अंतर घरून भरत नाही. तिथे पहिले तीन-चार दिवस मुलं पहाटे तीनला टक्क जागी होतात. मोबाइल हातात दिला तर पुन्हा झोपत नाहीत. दिवा मंद ठेवून इतिहासाचं पान द्या, हमखास झोप लागते.

परत आल्यावर

अमेरिकेहून येताना घड्याळ बसायला जास्त दिवस लागतात. पहिले तीन दिवस चाचणी घेऊ नये, हे अर्जातच लिहून घेतलेलं असावं. बुडालेल्या वह्या अक्षरन् अक्षर उतरवायला बसवू नका, त्यात आठवडा जातो. मित्राच्या वहीची झेरॉक्स चिकटवायची आणि प्रश्नांची उत्तरं तेवढी स्वतः लिहायची. फेकणंही थांबवा: वर्षातून निदान चार महिने पिचिंग नको, त्यातले दोन-तीन सलग महिने हात डोक्यावरून फेकायचंच नाही. सहामाही परीक्षा आणि दिवाळी त्या सुट्टीत नीट बसतात. सहभागाच्या प्रमाणपत्रावरचं नाव विमानतळावरून घरी येतानाच वाचा, चूक असेल तर संघ पांगायच्या आत व्यवस्थापकाला दाखवा, आणि त्याच आठवड्यात शाळेत प्रत देऊन पोच घ्या.