पद्मिनीच्या डॅशखाली तीन मीटर, तेही डॅशला भोक न पाडता

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत तेलाच्या दाबासाठी नुसता एक लाल दिवा आहे. दाब जवळजवळ संपल्यावरच तो पेटतो, म्हणजे दिवा दिसेपर्यंत बेअरिंगांनी मार खाल्लेला असतो. १०८९ सीसीचं जुनं इंजिन सांभाळायचं तर तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट या तीन गोष्टी काट्यावर दिसायला हव्यात. गॅरेजच्या भाषेत ऑइल मीटर, टेंपरेचर मीटर आणि व्होल्टमीटर.

गॅरेजवाला सांगेल, डॅशमध्येच तीन भोकं मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. मारू देऊ नका. कुर्ल्याच्या कारखान्यातून आता नवा डॅश येणार नाही आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. भंगारात सापडणाऱ्या डॅशना आधीच स्पीकरची, पंख्याची, देवाच्या मूर्तीची भोकं असतात. म्हणून डॅशच्या खालच्या कडेला चिमट्यासारखी बसेल आणि पुढच्या मालकाला नको असेल तर दहा मिनिटांत निघेल, अशी वेगळी पाटी करायची.

आधी मीटर, मग पाटी

मीटर हातात आल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका. या मीटरचं ठरलेलं माप ५२ मिमी, पण ते मागच्या डब्याचं. पुढची रिंग ६० मिमीपर्यंत भरते. प्रत्येक मीटर व्हर्नियरने मोजून घ्या.

मीटर आणि त्याचा सेंडर (इंजिनावर बसून दाब किंवा तापमान वायरीने मीटरला कळवणारा भाग) जोडीनेच घ्या. व्हीडीओ (VDO, एक जर्मन कंपनी) पद्धतीचा दाबाचा सेंडर साधारण १० ते १८० ओहममध्ये चालतो, अमेरिकन पद्धतीचा २४० ते ३३ मध्ये, म्हणजे उलटा. पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात सुटा सेंडर स्वस्तात मिळतो, पण जोडी जुळली नाही तर काटा खोटं बोलतो. आटे जुळावेत म्हणून, लाल दिवा पेटवणारा गाडीचा जुना ऑइल स्विच काढून दुकानात न्या आणि ‘टी’ जोड मागा. त्याने जुना लाल दिवाही चालू राहतो.

तांब्याच्या किंवा नायलॉनच्या नळीतून थेट तेल आणणारं मेकॅनिकल मीटर जास्त अचूक असतं, असं जुनी माणसं सांगतात. असेलही. पण ती नळी कधी पिचकली तर गरम तेल पायावर येतं. मी इलेक्ट्रिकच घेतलं. अँपिअर मीटरही टाळलं, कारण गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्यातून जातो आणि त्याच्या जाड वायरी डॅशखाली ढिल्या झाल्या तर आगीची भीती. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते.

लग्नपत्रिकेचा पुठ्ठा

पाटीचा पहिला नमुना पुठ्ठ्याचा. जाड लग्नपत्रिका यासाठी उत्तम, घरात ढीग असतो. तीन मीटर एका ओळीत घ्यायचे तर रुंदी २२० मिमी आणि दर्शनी उंची ८०. डाव्या कडेपासून ४०, ११० आणि १८० मिमीवर मध्यबिंदू. रिंगांमध्ये १० मिमी मोकळे आणि कडेलाही १०. शिवाय वर ४० मिमीची पट्टी वाकवण्यासाठी. म्हणजे एकूण पत्रा २२० बाय १२०.

नमुना चिकटपट्टीने डॅशखाली लावा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसा. आता हातातला गिअर, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यावरचा, चारही गिअरांत आणि रिव्हर्समध्ये टाकून बघा. माझा पहिला नमुना स्टीअरिंगला चिकटून होता. दिसायला झकास, पण दांडा खाली ओढला की बोटांची पेरं पाटीवर आपटायची. चार बोटं डावीकडे सरकवला तेव्हा सुटका झाली. गुडघाही तपासा, क्लच पूर्ण दाबून.

कापणं

२ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. दुकानात ‘चौदा गेज’ म्हणून मागितला की मिळतो. मध्यबिंदूंवर सेंटर पंचाची टिचकी मारा, नाहीतर ड्रिल घसरतं. पत्रा प्लायच्या तुकड्यावर शिकंज्याने घट्ट आवळा आणि होल सॉ (ड्रिलला लावायची, गोल भोक कापणारी दातेरी वाटी) सगळ्यात कमी वेगावर चालवा. ॲल्युमिनियम दातांत चिकटतं, म्हणून दोन थेंब रॉकेल सोडत राहा. नसेल तर मेणबत्ती घासा. चष्मा हवाच, हातमोजे मात्र नकोत. फिरत्या सॉमध्ये मोजा अडकला तर बोटही जातं.

भोक किंचित लहान पाडा आणि अर्धगोल कानसीने वाढवत न्या. दर चार-पाच हातांनंतर मीटर घालून बघा. मीटर हलक्या दाबाने आत गेला आणि पाटी उलटी केली तरी पडला नाही, की थांबा.

भोकं झाल्यावरच पत्रा वाकवा. व्हाइसमध्ये दोन लोखंडी अँगलच्या मध्ये धरून लाकडी हातोडीने, थोडा थोडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काटकोनापेक्षा जरा जास्त उघडा ठेवला तर मीटरांची तोंडं वर, तुमच्याकडे येतात.

चिमटा

डॅशच्या खालच्या काठाला आत वळलेली कड असते. आपली ४० मिमीची पट्टी त्या कडेखाली आणि दुसरी, २० मिमी रुंदीची पट्टी कडेच्या वर. दोन्हींतून कडेच्या मागून दोन बोल्ट जातात. इथे एक बारीक गोष्ट राहून जाते. बोल्ट आवळला की वरची पट्टी मागून खाली झुकते आणि पकड सुटते. म्हणून तिच्या मागच्या टोकाखाली डॅशच्या कडेइतक्याच जाडीचा तुकडा ठेवा, म्हणजे ती सपाट बसते. डॅशचा रंग खरवडू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर घाला.

रंग

ॲल्युमिनियमवर साधा रंग टिकत नाही, पोपडे निघतात. २२० आणि मग ४०० नंबरचा पेपर पाण्याने मारा, ॲल्युमिनियमला चालणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला धरून बसणारा अस्तराचा रंग द्या आणि वर डल काळा. चकचकीत काळा रात्री काचेत उमटतो. हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते.

मीटर आवळण्याआधी एक हौसेची युक्ती. मागचा ब्रॅकेट ढिला असताना मीटर गोल फिरतो. गाडी गरम होऊन नीट चालत असताना तिन्ही काटे सरळ वर दिसतील असे मीटर फिरवून ठेवा. आकडे तिरके होतात, पण एका नजरेत कळतं की कुठला काटा रांग सोडून गेला. मात्र यासाठी आधी आठवडाभर गाडी चालवून नेहमीचे आकडे टिपावे लागतात.

वायरिंग

बॅटरीची केबल काढा. हे झाल्याशिवाय काहीच नाही. पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, पण तुमची गाडी मॉरिस मायनरसारखी असेल तर आधी तपासा, जुन्या इंग्रजी गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे.

किल्लीनंतरच्या सप्लायवरून ३ अँपिअरच्या फ्यूजमधून लाल वायर घ्या आणि तिन्ही मीटरांना फिरवा. मीटरच्या दिव्यांची वायर डॅशच्या दिव्यावरून. अर्थची काळी वायर तिन्हींना गुंफून शेवटी बॉडीच्या खरवडलेल्या, चकचकीत पत्र्यावर. १ स्क्वेअर मिमीची वायर भरपूर होते. पाटीजवळ सहा पिनांचा कनेक्टर घातला तर पाटी सहज सुटते. पीळ मारून वर टेप गुंडाळण्याचा प्रकार नको, उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून वायर उघडी पडते. इंजिनकडे जाणाऱ्या दोन वायरी रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या रबरी कड्यातूनच) न्या.

पाण्याचा सेंडर इंजिन पूर्ण थंड असतानाच बसवा. इंजिनच्या हेडमध्ये जागा नसेल तर रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (पाण्याच्या नळीत) बसणारा जोड मिळतो. पण होज रबराचा, त्यामुळे त्या जोडाला वेगळी अर्थ वायर लागते. ती विसरली की काटा जागचा हलत नाही.

माझी फजिती तेलाच्या सेंडरची. गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली. गाडी सुरू केली, काटा सरळ शेवटच्या आकड्यावर. म्हटलं, काय प्रेशर आहे! गाडी बंद केली, किल्ली चालू ठेवली, तरी काटा तिथेच. गॅरेजचे काका हसले. “अहो, इंजिन बंद आहे आणि प्रेशर फुल? सेंडरला अर्थच नाही तुमच्या.” टेपने सेंडर इंजिनपासून तोडला होता आणि व्हीडीओ पद्धतीत सर्किट तुटलं की दाबाचा काटा वर जातो. टेप काढून आट्यांवर थोडंसं सीलंट लावलं, काटा जमिनीवर आला.

वाचायला शिका

इंजिन बंद असताना व्होल्टमीटर १२.४ ते १२.७ दाखवेल. अल्टरनेटर असेल तर चालू गाडीत १३.८ ते १४.४. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बघा, नाहीतर बॅटरी उकळेल. जुना डायनॅमो असेल तर सिग्नलला उभं असताना काटा बाराकडे उतरतो, ॲक्सिलरेटर दिला की चढतो. तो डायनॅमोचा स्वभावच आहे.

तेलाचा दाब थंड इंजिनात जास्त आणि गरम झाल्यावर आयडलला कमी दिसणारच. ढोबळ हिशेब असा की इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) मिळाले तर बरं. मीटर किलोमध्ये (चौरस सेंटिमीटरला किलो) असेल तर १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय. पण आकड्यापेक्षा रोजच्या जागेवरून काटा सरकला का ते बघा. गेल्या उन्हाळ्यात कात्रजचा घाट चढताना पाण्याचा काटा रांग सोडून उजवीकडे कलला. गाडी बाजूला घेतली तर फॅनबेल्ट ढिला होऊन किंचाळत होता. डिकीतला १३ चा पाना काढला, बेल्ट ताणला आणि निघालो.