जंगलात गाडी लावायचे पाच डॉलर कशाचे?

उन्हाळा लागला की सिअ‍ॅटलजवळच्या आमच्या रेडमंड-बेलव्ह्यूच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "या ट्रेलला कुठला पास लागतो?" मी आधी उलट विचारते, ती जमीन कोणाची आहे?

सिअ‍ॅटलहून आय-९० हायवेने पूर्वेला निघालात की माउंट साय हा डोंगर लागतो. ती जमीन वॉशिंग्टन राज्याची, तिथे डिस्कव्हर पास. त्याच रस्त्याने पुढे स्नोक्वाल्मी खिंडीपर्यंत गेलात की स्नो लेकचा ट्रेल. ते केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसचं जंगल, तिथे नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास. पहिल्या वर्षी मला हा फरक माहीत नव्हता. राज्याचा पास समोर ठेवून केंद्राच्या जागेत गाडी लावली आणि दिवसभर चालून परत आलो तर वायपरखाली नोटीस! तेव्हापासून आदल्या रात्रीच त्या जंगलाच्या सरकारी वेबसाइटवर ट्रेलचं नाव टाकून बघते. डोंगरात फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

आता पैसे कशाचे, ते. जंगलात शिरण्याचे नाहीत. २००४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे फॉरेस्ट सर्व्हिसला दिवसाची फी लावायची तर त्या ठिकाणी सहा गोष्टी लागतात: आखलेलं पार्किंग, पक्का संडास, कचरापेटी, माहितीचा फलक, पिकनिकची टेबलं आणि सुरक्षेची व्यवस्था. नुसती गाडी लावण्याचे, रस्त्याकडेला बसून डबा खाण्याचे किंवा कुठलीच सोय न वापरता चालत जाण्याचे पैसे घेता येत नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलांना ही फी नाही. जमा झालेल्या पैशातले साधारण ८० टक्के त्याच जागेवर खर्च व्हायचे असतात. लहान मुलांना घेऊन फिरणाऱ्या आईला डोंगराच्या पायथ्याशी स्वच्छ संडास मिळणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. ते पाच डॉलर मी मनापासून देते.

नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास दिवसाला ५ डॉलर, वर्षाला ३०. म्हणजे सातव्या फेरीला वर्षाचा पास फायद्यात. तो वॉशिंग्टन आणि ओरेगनच्या राष्ट्रीय जंगलांत चालतो. रेनियर, ऑलिंपिकसारख्या नॅशनल पार्कांतही जाणार असाल तर ८० डॉलरचा 'अमेरिका द ब्यूटिफुल' घ्या, तो या जंगलांतही चालतो. २०२६ पासून हा दर इथे राहणाऱ्यांसाठीच आहे, परदेशातून फिरायला आलेल्यांना तोच पास २५० डॉलरला पडतो.

मुक्कामाचं गणित मात्र वेगळं, आणि इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. वर्षाचा पास असला तरी कॅम्पग्राउंडचे पैसे वेगळे भरावे लागतात. ऑनलाइन बुकिंगचा आकार त्याच्यावर, आणि दुसरी गाडी आणली तर बहुतेक ठिकाणी तिचे आणखी वेगळे. चार कुटुंबं मिळून जाणार असाल तर बुकिंग करतानाच गाड्या मोजा.

माझे सासरे अडुसष्ट वर्षांचे, ग्रीन कार्डवर. त्यांचा सीनियर पास काढला: वय ६२ पूर्ण, एकदाच ८० डॉलर, मग आयुष्यभर. फॉरेस्ट सर्व्हिसच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर त्यावर साइटचं, म्हणजे तंबू लावायच्या जागेचं, भाडं निम्मं होतं, म्हणजे ३० ची साइट १५ ला. बुकिंगचा आकार निम्मा होत नाही, आणि सवलत फक्त ते स्वतः राहतात त्या साइटला. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना हा पास मिळत नाही, वय कितीही असो. अट नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची आहे.

लहान कॅम्पग्राउंडवर अजून पाकिटाची पद्धत आहे. फलकापाशी कागदी पाकिटं असतात. त्यावर तारीख, साइटचा नंबर, गाडीचा नंबर, किती रात्री ते लिहायचं, रोख रक्कम आत घालायची, कडेची चिठ्ठी फाडून घ्यायची आणि पाकीट जाड लोखंडी नळकांड्याच्या फटीतून आत सोडायचं. चिठ्ठी आपल्या साइटच्या खांबावरच्या चिमट्यात अडकवायची. सुटे परत मिळत नाहीत, म्हणून पाच आणि एकच्या नोटा घरूनच न्या. पेनही न्या. पावसाने ओल्या झालेल्या पाकिटावर शाई फुटते, म्हणून मी पेन्सिल ठेवते.

आणि फुकट राहायचं असेल तर? राष्ट्रीय जंगलांत बऱ्याच ठिकाणी कॅम्पग्राउंडबाहेर तंबू ठोकायला काहीच पैसे नाहीत, साधारण चौदा दिवसांची मर्यादा असते. तिथे पाणी, संडास, कचरापेटी काही नाही. सगळा कचरा परत आणायचा, आणि शेकोटी पेटवण्याआधी बंदी आहे का ते त्या भागाच्या रेंजर ऑफिसला फोन करून विचारायचं.

हिवाळ्यात बर्फात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: खिंडीतल्या काही पार्किंगच्या जागा तेव्हा स्नो-पार्क, म्हणजे बर्फ हटवून ठेवलेल्या पार्किंगच्या जागा, होतात. तिथे राज्याचा स्नो-पार्क परमिट लागतो, वरचे पास चालत नाहीत.