फोनचे व्हिडिओ एडिटला घेण्याआधीची तयारी

केबल, चार्जिंग वगैरे तुम्ही बघालच. जागेचा हिशेब मात्र आधी करा. आयफोनवर एचईव्हीसीमध्ये (फाइल लहान ठेवणारा फॉरमॅट) फोर-के शूट केलं तर सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, असतील तेव्हा मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, ६० फ्रेमला ४००. ६० फ्रेमचं तासाभराचं शूट म्हणजे २४ जीबी, आणि त्याच्या दोन प्रती ठेवायच्या आहेत.

पहिलं काम फोल्डरचं, तेही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी. कामाच्या नावाचा एकच मोठा फोल्डर करा आणि त्यात फुटेज, आवाज, संगीत, ग्राफिक्स, प्रोजेक्ट असे कप्पे करा. याची एवढी घाई का, तर प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये तुमचा व्हिडिओ नसतोच. फाइल कुठे ठेवली आहे, तेवढा पत्ता असतो. फाइल हलवली, नाव बदललं किंवा ड्राइव्ह काढला की पत्ता चुकतो आणि लाल स्क्रीनवर 'मीडिया ऑफलाइन' येतं. फायनल कट या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करताना 'कॉपी टू लायब्ररी' निवडलं तर फाइल लायब्ररीत जाते. 'लीव्ह फाइल्स इन प्लेस' निवडलं तर तिथेही हाच धोका.

म्हणून आधी फोल्डरमध्ये, मग प्रोजेक्टमध्ये. आणि हे फक्त फुटेजपुरतं नाही! गेल्या वेळी माझं नेमकं इथेच राहिलं. फोनच्या क्लिप्स सगळ्या जागच्या जागी होत्या, पण निवेदनाचं रेकॉर्डिंग, संगीत आणि कुणीतरी पाठवलेली एक क्लिप डाउनलोड्समधून थेट टाइमलाइनवर (क्लिप्स ओळीने लावायची पट्टी) ओढली होती. पुढे जागा करायला डाउनलोड्स रिकामं केलं आणि प्रोजेक्ट उघडला तर चित्र सगळं शाबूत, निवेदन गायब. ते रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच नव्हतं. डाउनलोड्स म्हणजे उंबरठा, तिथे सामान ठेवायचं नसतं. दोन सेकंदांचा साउंड इफेक्ट असो की लोगो, आधी फोल्डर.

आता फोनमधून फाइल काढणं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. केबल सगळ्यात बरी. आयफोनवरून विंडोजवर घेत असाल तर फोटोजच्या सेटिंगमध्ये 'कीप ओरिजिनल्स' करा, म्हणजे घेताना रूपांतराचा घोळ होत नाही. 'ऑप्टिमाइज आयफोन स्टोरेज' चालू असेल तर मूळ फाइल क्लाउडवर असू शकते, फोनवर नुसती हलकी प्रत. गॅलरीत क्लिप दिसते, केबल लावल्यावर मात्र सापडत नाही. तेव्हा मूळ फाइल्स आधी उतरवून घ्या. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' असेल तर १०८० पी पेक्षा मोठा व्हिडिओ तेवढाच करून साठवला जातो. त्यानंतर 'फ्री अप स्पेस' दाबलं की फोनवरची मूळ फाइलही गेली. काम संपेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही. फोन जोडलेला असताना फोनमधूनच क्लिप उघडून एडिट सुरू करायचं, हे तर अजिबात नको.

कॉपी झाली की फाइल्सची संख्या आणि एकूण आकार फोनशी ताडून बघा. मोठ्या क्लिप्स शेवटपर्यंत चालवून बघा, कारण अर्धवट कॉपी झालेल्या फाइलचं नावही पूर्णच दिसतं.

नावं बदलायची असतील तर आत्ताच, इम्पोर्टच्या आधी. दोन आयफोनवर शूट केलं असेल तर बदलावीच लागतात, कारण दोघांकडेही 'आयएमजी_००१२' असू शकते. उद्या लिंक तुटली आणि सॉफ्टवेअरने ती फाइल मागितली, तर तुम्ही दुसऱ्या फोनचा फोल्डर दाखवाल. ते नाव बघून निमूट जोडून घेईल आणि टाइमलाइनवर भलताच प्रसंग येईल. लाल स्क्रीन निदान दिसते, ही चूक दिसतही नाही. नावापुढे तारीख आणि कॅमेऱ्याचं अक्षर लावा, पुरे. इम्पोर्ट झाल्यावर नाव बदलायचं नाही.

फोन बहुतेक वेळा बदलत्या फ्रेमरेटने रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. हँडब्रेक या फाइल रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या, पण तेही आधीच. एडिट अर्धं झाल्यावर केलंत तर एमओव्ही फाइलची एमपी४ होते आणि पुन्हा लिंक तुटते. रूपांतरित फाइल कुठे ठेवायची? त्याच फोल्डरमध्ये. हँडब्रेकने ती कुठे टाकली ते बघा, डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर पडलेली नको.

बाहेरच्या ड्राइव्हवर काम असेल तर तो एक्सफॅट फॉरमॅटमध्ये करून घ्या. जुन्या फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीची फाइल मावत नाही. फॉरमॅट करताना ड्राइव्ह पुसला जातो, आतलं आधी काढून ठेवा. विंडोजमध्ये ड्राइव्हचं अक्षर ई चं एफ झालं तरी सगळं ऑफलाइन दिसतं. डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर पक्कं करा.

फोनवरच्या ॲपमध्येच एडिट करत असाल तर ड्राफ्ट एक्सपोर्ट होईपर्यंत गॅलरी साफ करू नका. आयफोनवर उडवलेली क्लिप ३० दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये सापडते, त्यानंतर नाही.

इम्पोर्ट करा, सेव्ह करा, फोन काढा. मग तपासणी: डाउनलोड्स फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, बदलता येत नसेल तर त्यातलं सगळं तात्पुरतं दुसरीकडे हलवा, आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडा. काही लाल दिसलं तर ती फाइल फोल्डरमध्ये घ्या आणि रीलिंक करा, म्हणजे सॉफ्टवेअरला तिचा नवा पत्ता दाखवा. मधे नवीन संगीत आलं की हीच तपासणी पुन्हा.

शेवटी प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरमधून 'कलेक्ट फाइल्स', रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट आर्काइव्ह. दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर. ती उघडून बघा, आणि मगच फोनमधलं उडवा.