दुसऱ्यांच्या बागा बघून आपली बाग कशी आखावी

घरी बाग करायची ठरलं की बहुतेक जण थेट नर्सरीत जातात. जे फुललेलं दिसतं ते रिक्षात घालून आणतात आणि महिनाभरात बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरत नाही. कुंड्या पंचवीस, पण बाग काही होत नाही. त्यापेक्षा खरेदीआधी चार-पाच बागा फिरून याव्यात. झाडांची यादी करायला नव्हे, तर मांडणी बघायला. वाट कुठून वळवली आहे, सावली कुठे पडते, पाणी कुठून निघून जातं, रोज कोणाचे हात लागतात, हे बघायला.

१. निघण्याआधी आपली जागा मोजा

टेप घेऊन लांबी-रुंदी मोजा, नळ आणि पाण्याचं भोक कुठे आहे ते कागदावर काढा. मग सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी ऊन कुठे आहे याची खूण करा. पुणे-मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे हिवाळाभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीतही ऐन उन्हाळ्यात ऊन येतं, आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ते थंडीत खोलवर शिरतं. डिसेंबरात बघून केलेली आखणी मे महिन्यात फसते ती यामुळेच.

गच्चीवर बाग करणार असाल तर वजनाचाही विचार करा. भिजलेली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते. म्हणजे एका चौरस मीटरवर फूटभर उंचीचा वाफा केला तर पाचशे किलोच्या आसपास भार स्लॅबवर येतो. वाफे बांधण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नको.

२. प्रत्येक बागेत एकच प्रश्न घेऊन जा

सगळं बघायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही. म्हणून बाग निवडतानाच ठरवा, इथून आपल्याला काय हवं आहे.

जागा लहान आहे आणि ती मोठी भासायला हवी असेल, तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या सन १७०० मध्ये पूर्ण झालेल्या बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. आत शिरल्यावर भराभर चालू नका. वाट वळते तिथे थांबा आणि दोन पावलं मागे या. मघाशी दिसत नव्हतं ते वळणावर समोर येतं आणि आधीचं आड जातं. अख्खी बाग एका नजरेत कधी हाती लागत नाही, म्हणून ती संपत नाही. दुसरी गंमत पर्वतीची. टेकडी बागेच्या हद्दीबाहेर आहे, पण हिरवळीच्या पलीकडे ती बागेचाच भाग वाटते. जपानी बागांमधली ही जुनी युक्ती आहे. तुमच्या बाल्कनीसमोर शेजारच्या सोसायटीचा गुलमोहर असेल तर त्याच्यापुढे उंच कुंड्यांची भिंत उभी करू नका. दोन्ही बाजूंना उंच झाडं ठेवा, मधे मोकळं सोडा. गुलमोहर फुकटात तुमचा.

गच्ची असेल तर मुंबईत मलबार हिलचं फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, त्या नजरेनं बघा. १८८१ साली जलाशयाच्या माथ्यावर केलेली ही बाग एका अर्थानं शहरातली जुनी गच्चीवरची बागच. हिरवळ, कातरलेली कुंपणं, प्राण्यांचे आकार दिलेली झुडपं असा तिचा थाट आहे. ते हत्ती-जिराफ घरी करायच्या फंदात पडू नका, सतत कातरत बसावं लागतं. कमी मातीत काय तग धरतं, एवढंच टिपून घ्या.

ऊन फारच कमी मिळत असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत मोठ्या झाडांच्या तळाशी काय लावलंय ते बघत हिंडा. (बुधवारी ती बंद असते.) उर्वशीचा फुलोरा आणि गोरखचिंचेचं खोड डोळे भरून बघा, पण त्यातलं काही फ्लॅटमध्ये आणायचं नाही. माती खराब असल्याची तक्रार असेल तर माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठा. कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं ते जंगल आहे. तिथे पालापाचोळा झाडून नेत नाहीत, तो मातीत मुरू देतात, हे पायाखाली बघितलं की घरचा पाचोळा कचरापेटीत टाकवत नाही.

आणि सगळं काटेकोर, दोन्ही बाजूंनी सारखं हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याची चारबाग आहेच. मधोमध पाणी, दुतर्फा वाटा. छोट्या अंगणात त्यातला मधला पाट पुरे.

३. वेळ चुकवून जा

प्रदर्शनाच्या दिवसांत सगळेच जातात. पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, ते जरूर बघा. पण तिथल्या कुंड्या लग्नातल्या वऱ्हाड्यांसारख्या नटवून आणलेल्या असतात. त्यावरून घरची बाग आखू नये. त्याच बागेत मे महिन्यात दुपारी परत जा. काय करपलं, काय टिकलं, माणसं कुठल्या बाकावर बसलीत आणि कुठला बाक रिकामा आहे, ते बघा. बाकाची जागा कशी निवडावी हे तेवढ्यात कळतं. तिसरी खेप जुलैत, पाऊस पडून गेल्यावर लगेच. पाणी कुठे साचलंय, कुठली वाट निसरडी झालीय, ते तेव्हाच दिसतं.

४. जोड टिपा

फुलांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही सांध्यांचे काढा. वाट आणि वाफा जिथे मिळतात तिथे वीट उभी लावलीय की आडवी? कुंडी थेट फरशीवर आहे की खाली विटांचे तुकडे देऊन उचलली आहे? वेल कशाला बांधलाय, सुतळीला की तारेला? हिरवळीची कड माती सोडून कशी कापलीय? घरची बाग ओबडधोबड दिसते ती बहुधा या कडांमुळे.

मापं पावलांनी घ्या. दोन माणसं शेजारी चालतील अशी वाट साधारण चार फूट लागते, एकट्याला दोन फूट पुरतात. वाफा एका बाजूनंच हाताळायचा असेल तर दोन-अडीच फुटांहून रुंद नको, पलीकडचं तण काढायला हात पोचत नाही.

५. माळीबुवांशी बोला

सकाळी लवकर गेलात तर ते पाणी घालताना भेटतात. "हे झाड कोणतं?" यापेक्षा "यातलं कशाला सगळ्यात जास्त बघावं लागतं?" असं विचारा. जे नाव पहिलं येईल ते आपल्या यादीतून काढून टाका. खत काय, छाटणी केव्हा, कीड कुठली पडते, हे ते मनापासून सांगतात, फक्त घाई नको.

६. खासगी बागा

खरी शिकवण इथे, कारण बजेट आणि हात आपल्याइतकेच असतात. गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांचे गट आता बऱ्याच शहरांत आहेत आणि ते बाग दाखवायला उत्सुक असतात. ओळखीच्या काकूंना फोन करून वेळ ठरवून जा. गेल्यावर तीन गोष्टी विचारा: रोज किती वेळ जातो, गावाला गेल्यावर पाणी कोण घालतं, आणि आजवर काय काय मेलं. तिसऱ्या प्रश्नावर गप्पा रंगतात. काडी मागायला लाजू नका, पण न विचारता खुडू नका.

कोकणात सुट्टीला गेलात तर श्रीवर्धन, दापोली, गुहागरकडची एखादी वाडी मालकाला विचारून आतून बघा. सगळ्यात वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेला मिरवेल, सावलीत जायफळ, खाली केळ, आणि अगदी तळाशी हळद-आलं. एकाच जागेत चार-पाच मजले. शहरातल्या बाल्कनीत आपण सगळ्या कुंड्या जमिनीवर एका ओळीत मांडतो आणि वरची सात फूट जागा वाया घालवतो. तीन उंचींत विभागणी केलीत, वरून लोंबणारं, मधे स्टँडवर, खाली सावलीतलं, तर तेवढ्याच जागेत दुप्पट झाडं मावतात आणि उन्हाचीही वाटणी होते.

७. घरी आल्यावर

प्रत्येक बागेतली एकच गोष्ट निवडा. एकूण तीन-चार झाल्या की थांबा. जपानी वळण, चारबागेचा पाट आणि कोकणातली वाडी सगळं दहा बाय चारमध्ये कोंबलं तर तमाशा होतो. निवडलेलं खडूनं फरशीवर आखा. कुंड्यांच्या जागी बादल्या, डबे, खुर्च्या ठेवा आणि आठवडाभर तसंच वावरा. कपडे वाळत घालताना कशाला अडखळता, चहा घेऊन कुठे बसता, दार पूर्ण उघडतं का, ते बघत बादल्या सरकवत राहा. बादल्या हलायच्या थांबल्या की नर्सरीत जा. कायमची झाडं जूनमध्ये पावसाच्या पहिल्या सरींनंतर लावलीत तर ती लवकर जीव धरतात. शेवंती, झेंडू, पिटुनिया असल्या हंगामी फुलांची जागा मात्र ऑक्टोबरपर्यंत रिकामी राहिली तरी चालेल.