एकटेरावांची तयारी: जपानी शहरात एकट्याने जेवायला आणि रमायला निघण्याआधी

जपानी हॉटेलात पाऊल टाकताच प्रश्न येतो, ‘नान्मेइसामा देसु का?’ म्हणजे किती जण? एक बोट वर करा आणि ‘हितोरी देसु’ म्हणा, काम झालं. एकट्या गिऱ्हाइकाला तिथे ‘ओहितोरिसामा’ म्हणतात. आधी ‘ओ’, शेवटी ‘सामा’, दोन्हीकडून आदर. आपण ‘एकटेराव’ म्हणावं तसं. २०२० च्या जनगणनेत जपानमधली ३८ टक्के कुटुंबं एकाच माणसाची निघाली, तेव्हा काउंटरवरच्या एकेरी खुर्च्यांवर कित्येक दुकानं चालतात यात नवल नाही. लोक काय म्हणतील ही धास्ती विमानात बसण्याआधीच सोडा. गाडी अडते ती सुट्या पैशांवर, वेळेवर आणि शाकाहारी असाल तर दाशीवर, म्हणजे माशाच्या पाण्यावर.

आधी पैसे. रोज सकाळी खिशात १००० येनच्या चार-पाच नोटा आणि १०० येनची आठ-दहा नाणी हवीत. रामेन (रश्शातल्या शेवया), ग्यूदोन (भातावर गोमांस), सोबा (कुट्टूच्या शेवया) यांच्या दुकानांत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं आणि जुनी यंत्रं ५००० किंवा १०,००० ची नोट घेत नाहीत. १ आणि ५ येनची नाणी तर बहुतेक यंत्रं परतच टाकतात. आणखी एक मेख आहे. ३ जुलै २०२४ पासून नव्या नोटा आल्या. १००० च्या नव्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो आहेत, जुनीवर नोगुची हिदेयो. यंत्र बदलणं छोट्या दुकानदाराला महागात पडतं, त्यामुळे काही ठिकाणी नवी नोट पुन्हा पुन्हा बाहेर येते. २०२१ च्या दुरंगी ५०० येनच्या नाण्याचीही तीच गत. दोन-तीन जुन्या नोटा मिळाल्या तर वेगळ्या जपून ठेवा. सुईका किंवा इकोका या रेल्वेच्या प्रीपेड कार्डात २००० येन भरलेले असावेत. रेल्वे, कन्व्हिनियन्स स्टोअर, पेयांची यंत्रं आणि बरेच लॉकर त्यावर चालतात. आयफोनमध्ये हे कार्ड घेता येतं, पण जपानबाहेर विकलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये सहसा त्यासाठीची चिप चालत नाही. अशांनी प्लास्टिकचं कार्ड घ्यावं.

यंत्रापुढे उभं राहून विचार करायला बसू नका, मागे रांग असते. बाहेरच्या काचेतले मेणाचे वाटणारे पदार्थ (आता ते प्लास्टिकचे असतात) बघा, हव्या त्याचा फोटो घ्या आणि मगच आत जा. जुन्या यंत्रात आधी पैसे टाकायचे, मग बटणं पेटतात. टचस्क्रीनवर बहुधा उलटं, आधी निवड आणि मग पैसे. काहीच कळलं नाही तर वर डावीकडचं पहिलं बटण दाबा, दुकानाचा हातखंडा पदार्थ बहुतेक तिथेच असतो. तिकीट पडलं म्हणून लगेच निघू नका. जुन्या यंत्रात सुटे पैसे आपोआप येत नाहीत, बाजूचा खटका ओढावा लागतो. घाईत हे विसरून कित्येक जण पुढच्या गिऱ्हाइकाला देणगी देऊन जातात. तिकीट काउंटरवर ठेवलं की सोबाच्या दुकानात ‘सोबा? उदोन (गव्हाच्या जाड शेवया)?’ विचारतील, कारण तिकीट दोन्हींना एकच असतं. फुकुओकाच्या हाकाता पद्धतीच्या रामेनवाल्याकडे शेवया किती कडक हव्यात ते विचारतात. ‘काता’ म्हणजे कडक. तिथे शेवया संपल्या आणि भूक उरली तर ‘काएदामा’ मागा, थोड्या पैशांत नुसत्या शेवया मिळतात. म्हणून रस्सा आधीच पिऊन टाकू नका.

वेळेचा हिशेब साधा आहे. दुपारी १२ ते १ ऑफिसवाल्यांची झुंबड असते, म्हणून ११:३० च्या आत किंवा १:३० नंतर जा. पण फार रेंगाळलात तरी पंचाईत, कारण अनेक दुकानं २-२:३० ला बंद होऊन संध्याकाळी ५ च्या सुमारास उघडतात. शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या साधारण अर्धा तास आधी घेतात, दारावरची वेळ वाचताना एवढा अर्धा तास वजा करा. मोठी पाठपिशवी स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका (जुने लॉकर फक्त १०० ची नाणी घेतात). काउंटरखाली एक हूक किंवा पायाशी टोपली असते, त्यात लहान पिशवीच मावते.

शाकाहाऱ्यांनी इथे थांबून नीट वाचावं. दाशी म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवून किसलेला बोनिटो मासा यांचं पाणी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, सोबाचा रस्सा, तेंपुरा या जपानी भज्यांबरोबरची पातळ चटणी, उकडलेली भाजी, सगळ्यांत ते मुरलेलं असतं. ‘निकु नाशी’ म्हटलं की मांसाचे तुकडे तेवढे बाजूला होतात, रस्सा तोच. म्हणून निघण्याआधी एक चिठ्ठी जपानीत लिहून घ्या: मांस, मासे, कोळंबी, हाडाचा रस्सा आणि दाशी चालत नाही, अंडी-दूध चालतं की नाही तेही. काउंटरवर बोलण्यापेक्षा ही चिठ्ठी पुढे करणं सोपं. टोकियो स्टेशनात टीज तानतान हे पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं दुकान आहे, पण ते रेल्वेच्या फाटकाच्या आत. बाहेरून यायचं तर फलाट तिकीट लागतं. कोको इचिबान्या या करी-भाताच्या साखळीच्या सगळ्या नसल्या तरी बऱ्याच शाखांत प्राणिज घटक नसलेली भाजीची करी मिळते.

प्रत्येक ठिकाणी एकट्याला जागा असतेच असं मात्र नाही. हॉटपॉटचे (टेबलावरच एका भांड्यात शिजवून खायचे) बेत बरेचदा ‘दोघांपासून पुढे’ असतात आणि बुकिंगच्या साइटवर एक हा आकडाच सापडत नाही. तिथे हुज्जत न घालता राहत्या हॉटेलच्या स्वागतकक्षाला फोन करायला सांगा, काउंटरची एक खुर्ची अनेकदा निघते. एकदा ठरलं की मात्र जायचंच, त्या खुर्चीसाठी माल आणलेला असतो. मांस भाजून खायचं असेल तर याकिनिकु लाइक बघा. २०१८ मध्ये टोकियोच्या शिंबाशीत सुरू झालेल्या या साखळीत प्रत्येकाला स्वतःची छोटी शेगडी मिळते.

संध्याकाळी इझाकायात, म्हणजे दारू आणि खाण्याच्या जपानी अड्ड्यात, बसलात की न मागता एक वाटी समोर येते. ती ‘ओतोशी’, म्हणजे बसण्याचे पैसे, साधारण ३०० ते ५०० येन. परत करू नका आणि फुकट समजून दुसरी मागू नका. दारू नको असेल तर ऊलाँग चहा मागा, कुणी भुवया उंचावत नाही. काही जुन्या लहान दुकानांत अजून सिगारेट चालते. धूर सोसत नसेल तर दारावरची पाटी आधी वाचा. टिप कुठेच नाही. रामेनच्या दुकानात उठताना वाडगा वरच्या फळीवर ठेवायचा आणि ‘गोचिसोसामा देशिता’ (जेवणाबद्दल आभार) म्हणून निघायचं.

कराओके एकट्याने गायचं तर आठवड्यातली दुपार स्वस्त पडते. दर अर्ध्या तासाचा असतो आणि बहुधा एक पेय घ्यावंच लागतं. गायच्या इंग्रजी गाण्यांची नावं मोबाइलमध्ये लिहून न्या. वेळ संपण्याच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन खणखणतो आणि माणूस दचकतो. वेळ वाढवायची का, एवढंच ते विचारतात. नको असेल तर ‘दाइजोबु देसु’. मांगा-नेट कॅफेत, म्हणजे जपानी चित्रकथा आणि इंटरनेट मिळणाऱ्या कॅफेत, टोकियोला ओळखपत्र लागतं, पासपोर्ट जवळ असू द्या.

सेंतो, म्हणजे मोहल्ल्यातलं न्हाणीघर, सोडू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत मोठ्यांचा दर ५५० येन झाला. पिशवीत एक छोटा आणि एक मोठा टॉवेल, साबण, शांपू, केस बांधायला रबर आणि १०० येनचं एक नाणं ठेवा. काहीच नसेल तर दाराशी ‘तेबुरा सेट’ भाड्याने मिळतो. स्त्री-पुरुषांची न्हाणी वेगळी, आणि आत कुणीच काही घालत नाही. चड्डी घालूनही चालत नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, मग कुंडात उतरायचं. छोटा टॉवेल डोक्यावर ठेवा, पाण्यात बुडवू नका. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं, म्हणून पहिली डुबकी तीन-चार मिनिटांची पुरे. जेवल्या-जेवल्या किंवा बिअर पिऊन जाऊ नका. घेरी आली तर सोबत कुणी नसतं. बाहेर आल्यावर काचेच्या बाटलीतलं थंड कॉफी-दूध मिळालं तर घ्याच.

आणि सगळंच फसलं, पाऊस लागला, दुकानं मिटली, तर कन्व्हिनियन्स स्टोअरमधला ओनिगिरी, म्हणजे नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळात गुंडाळायचा भाताचा गोळा, आहे. प्लास्टिकवर १, २, ३ आकडे छापलेले असतात. आधी १ ची पट्टी मधून ओढत पार मागपर्यंत न्यायची, मग २ चा कोपरा एका हाताने आणि ३ चा दुसऱ्या हाताने अलगद बाहेर काढायचा. १ च्या आधी कोपऱ्यांना हात घातलात तर नोरी प्लास्टिकमध्येच फाटून राहते आणि हाताला चिकटतो नुसता भात.